दगडांच्या गाडीतील जागा क्रमांक तीन व चार

दिनांक : २ मे १९७८

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, जिंतूर, जि. परभणी.

अर्जदार : दत्तराव लिंबाजी वाव्हळे, रा. मौजे निवळखांब (बोरीजवळ)

विषय : विहारासमोरील मोकळ्या जागेतील दगड काढणेबाबत.
संदर्भ : ग्रामपंचायत निवळखांब यांची मला मिळालेली नोटीस.

महोदय,

वरील विषयास अनुसरून खालीलप्रमाणे दरखास्त करतो.

१. नोटिशीत मला अतिक्रमणधारक म्हटले असून, मी "दगड रचून अडथळा केला" असे नमूद आहे. तो अडथळा नसून गाडी आहे. तिला चाके व टप नाही हे मला मान्य आहे. परंतु पुढे ड्रायव्हरची जागा, डाव्या अंगाला दार, मधून वाट व दोन्ही बाजूंना माणशी एक दगड, अशी तिची रीतसर मांडणी होती. त्याच जागेवर एस.टी.चा निवारा बांधावयाचा आहे. त्यास माझी बिलकुल हरकत नाही. गावात एस.टी. येते आहे, चांगलेच आहे.

२. गाडी कशी झाली ते सांगणे भाग आहे. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडे बोरीच्या रस्त्याचे काम निघाले. मी हजेरी घेण्यास होतो, तेव्हापासून लोक मला मास्तर म्हणतात, आणि माझी पत्नी सत्यशीला खडी फोडण्यास होती. एके दिवशी हातोडा खाली ठेवून तिने विचारले की ह्यो रस्ता जातो कुठं. मी जिंतूर म्हणालो. तितून पुढं? औंढा, हिंगोली, वाशीम. आन् तितून? असे करता करता नागपूर झाले, जबलपूर झाले, सारनाथ झाले, आणि शेवटी बोधगया आली. बाया हातचे काम सोडून ऐकू लागल्या. तेव्हा सत्यशीला म्हणाली, मग हे आपुन फोडायलाव कुणासाठी? आपुनच जाऊ की! सगळ्या हसल्या. हसण्यावारी गेले असे मला वाटले होते, पण ती ऐकणारी बाई नव्हती. कामावरचे उरलेले दगड तिने डोक्यावरून आणून विहारासमोर मांडले, आणि कोण कुठे बसणार ते ठरवून टाकले.

३. आमचे अर्धे लोक दसरा झाला की ऊस तोडायला जातात. ते परत येतात तो पेरणी तोंडावर येते. त्यामुळे जाणे दरसाल पुढे गेले. तयारी मात्र थांबली नाही. दर पौर्णिमेला वंदना झाली की गावात असतील तेवढे सगळे आपापल्या दगडावर येऊन बसत व गाडी एक मुक्काम पुढे जाई; बोधगया आली की पुन्हा जिंतूरपासून सुरुवात. आप्पाराव पूर्वी कारखान्याचा ट्रॅक्टर चालवीत, म्हणून ते ड्रायव्हर. हॉर्न ते तोंडानेच वाजवीत. सरजाबाई गाठोडे मांडीवर घेऊनच बसे, आणि वाशीमचा घाट आला म्हटले की लिंबू हुंगू लागे. दिनकररावाला खिडकी मिळाली नाही म्हणून त्याने माझ्याशी बोलणे टाकले होते. लय गंमत होती, साहेब. सत्यशीलेचे आप्पारावांना दरवेळी एकच सांगणे असे, की जबलपूरला पुलावर गाडी हळू घ्या, मला नर्मदा बघायची हाय. ते म्हणत, घेतो बाई, घेतो.

४. गेल्या श्रावणात सत्यशीला तापाने गेली. त्यावेळी गाडी नागपूरला होती. पुढच्या पौर्णिमेला जबलपूर आले. आप्पारावांनी पुलावर गाडी हळू घेतली. मोकळी झालेली जागा वाट पाहणाऱ्याला द्यावी, असा आमचा नियम आहे. तो मीच लिहिलेला आहे. त्याप्रमाणे तिची जागा मी झुंबरबाईच्या नावे केली व सही केली. झुंबरबाई आली आणि दगडाशेजारी मातीत बसली. मी जागा दाखवली तर म्हणाली, न्हाई मास्तर, तितं बाई बसल्यात. तेव्हापासून ती खालीच बसे.

५. यंदा खरी गाडी ठरली आहे. करारावरची एस.टी. बुद्धपौर्णिमेला बोधगयेस पोहोचावी अशा बेताने येत्या आठवड्यात निघेल. नोटीस आली तेव्हा लोकांनी कुरकूर केली नाही. आता खरी गाडी येणार म्हणून हसतखेळत आपापले दगड उचलून नेले. सरजाबाईने तिचा रांजणाखाली लावला. आप्पाराव निघताना शेवटचा हॉर्न वाजवून गेले. आता दोनच दगड शिल्लक आहेत. ग्रामसेवक भगवानराव भला माणूस आहे. येतो, उगीच जरा वेळ उभा राहतो, आणि गवंड्याला घेऊन परत जातो.

६. मी हट्ट करतो असे कृपया समजू नये. मला राग नाही. रडूही येत नाही. भाकरी खातो, झोप लागते. लोक सांगतात, मास्तर, पिशवी भरा, तिच्यासाठी तरी चला. मी बरे म्हणतो. पिशवी भरलेली नाही. पाच वर्षे जिची वाट पाहिली ती गाडी दारात येणार, आणि मला त्याचे काहीच वाटत नाही. असे का, हे मला सांगता येत नाही.

७. अडचण एवढीच आहे. जागा क्रमांक तीन खिडकीकडची, ती सत्यशीलेची. क्रमांक चार वाटेकडची, ती माझी. वाटेकडचा माणूस उठल्याशिवाय खिडकीकडच्या माणसाला उतरता येत नाही. नोटीस माझ्या नावे असली तरी ती दगड काढण्याची आहे, मी उठण्याची नाही. आणि माझ्याने आपणहून उठवत नाही.

तरी "दत्तराव लिंबाजी वाव्हळे यांनी उठावे व बाईंना उतरू द्यावे" असा लेखी हुकूम माझ्या नावे, गाडी निघण्यापूर्वी, व्हावा. हुकूम आल्यास मी उठेन.

सोबत : नोटिशीची नक्कल.

हुकुमाची वाट पाहत बसलेला,
आपला नम्र,
(सही)
दत्तराव लिंबाजी वाव्हळे
जागा क्रमांक चार