मागच्या चाकातले छर्रे

मांडवगण फराटा
१७ नोव्हेंबर २०२४

चि. रविराजभावजी यांस,
सुवर्णावहिनीचे अनेक आशीर्वाद.

आज रविवार. सकाळी डेअरीत दूध घातलं, गोठा झाडला, दुपारी कांद्याच्या रोपाला पाणी दिलं. आईंची तब्येत बरी आहे. त्यांना ऐकू येत नाही म्हणून फोन स्पीकरवर लावावा लागतो, आणि हे मला त्यांच्यासमोर बोलायचं नाही. म्हणून पत्र.

सायकलच्या मागच्या चाकात एका बाजूला बेअरिंगचे किती छर्रे असतात? तुम्ही वर्कशॉपात आहात, तुम्हाला नक्की माहीत असेल.

कारण सांगते. तुमचे दादा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मागचं चाक उघडलं होतं. ते फार डुलायचं आणि खडखड वाजायचं. एक्सलवरचा छर्रे दाबून धरणारा कोन झिजलाय, बाजारच्या दिवशी नवा आणू, तोवर छर्रे आणि ग्रीस बदलतो, असं म्हणाले. उजवी बाजू त्यांनी बंद केली. डावी उघडी ठेवून, अंग जड झालंय म्हणून खाटेवर पडले. मी म्हटलं राहिलेलं आपण करावं. इतक्या वर्षांत चाक धरून मीच बसायची, सगळं पाहिलेलं होतं. छर्‍यांच्या कड्यात एक फट दिसली आणि ताटलीत एक छर्रा उरला होता. मला वाटलं, घालायचा राहिला. तो घातला आणि कोन आवळला. त्यांना सांगितलं नाही. सकाळी सांगून चकित करू असं मनात होतं, पण उठले ते घाईत, सहाला दूध घेऊन गेले. साडेआठला कालव्याच्या चारीवरच्या पुलापाशी पडले.

डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. पण चाक जड फिरत असेल तर हृदयाला ताण पडतो ना? ते मी केलं का, एवढंच मला कळायला हवं. दोन महिने होत आले, सायकल तेव्हापासून पडवीत उभी आहे. मी हात लावलेला नाही.

पप्पू सायकलवाला एरवी लांबून वहिनी वहिनी करायचा. आता मला बघितलं की रस्ता बदलतो. मी काय केलं ते त्याला कळलं असेल का?

मुलांना आशीर्वाद. रागावू नका.
तुमची वहिनी, सुवर्णा


पाटस
२४ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनींस,
रविराजचा शि. सा. न. वि. वि.

पाकिटावर सवयीनं सौ. लिहिलं. मग खोडलं. मग पाकीटच बदललं. पहिल्यांदाच तुम्हाला पत्र लिहितोय आणि ते असं, याचं वाईट वाटतं.

एका बाजूला नऊ छर्रे. कडं पूर्ण भरायचं नसतं, एकाच्या जागेइतकी फट राहते आणि ती लागते. ती बुजवली तर छर्रे एकमेकांना घासतात आणि चाक जड चालतं. तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगतो. खोटं लिहिलं तर तुम्ही दुसर्‍या कुणाला तरी विचाराल. पण अंग जड झालं म्हणून दादा आदल्या दिवशीच आडवा झाला, हे तुम्हीच लिहिलंय. ती ओळ परत वाचा.

दादा मला सांगायचा की सायकलचं सगळं काम मीच करतो, तुझी वहिनी नुसती चहा देते. खरा मिस्त्री कोण ते आता समजलं.

अंदाजावर राहू नका. चाक काढा, डाव्या बाजूचा नट आणि कोन सोडवा. खाली परात ठेवा, नाहीतर छर्रे घरंगळतात. मग मोजा. नवा एक्सल, दोन्ही कोन आणि छर्रे पार्सलनं पाठवलेत. ती स्वस्तातली सायकल आहे, चाकाच्या मधला हब जास्त दिवस पुरत नाही. पण हे घातलं की दोन वर्षं बघायला नको.

कारखान्याचा सीझन लागलाय, सुट्टी मिळत नाही. नाहीतर मीच आलो असतो. आईला नमस्कार सांगा. माया असू द्या.
आपला, रविराज


मांडवगण फराटा
२ डिसेंबर २०२४

चि. रविराजभावजी यांस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. आज आई देवळात गेल्यावर चाक काढलं. उजवीकडे नऊ निघाले, ती बाजू यांनी भरली होती. डावीकडेही नऊच निघाले.

तीनदा मोजले. परात हलवून पाहिली, फरशी झाडली, हबच्या आत बोट फिरवलं. नऊ.

मी दहा घातले होते. म्हणजे घातले होते असं मला वाटतं. ती ताटली मला अजून दिसते, तिचा कडेचा टवका उडालेला भागसुद्धा दिसतो. आणखी एक. आपल्या घरातलं ग्रीस पिवळं आहे. उजव्या बाजूला पिवळं निघालं, डाव्या बाजूला काळं. मी काळं ग्रीस कुठून आणणार? पहाटे उठून यांनी परत उघडलं म्हणावं, तरी काळं ग्रीस घरात नाही. कोन मात्र दोन्ही झिजलेले आहेत, दातांनी कुरतडल्यासारखे खड्डे पडलेत.

माझ्या हातून चूक झालीच नसेल तर बरं वाटायला पाहिजे. उलट वाटतं की मला नीट आठवतच नाही. आणि त्यांची तेवढी एक संध्याकाळ मी अगदी जशीच्या तशी जपली होती. तीही खोटी निघाली तर माझ्याजवळ काय राहिलं?

चाक परातीत तसंच आहे. आईंना सांगितलं की साफ करते आहे.

पोरांना जपा, थंडी पडली आहे.
सुवर्णा


पाटस
८ डिसेंबर २०२४

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

काळं ग्रीस दुकानातलं. आणि आपल्या गावात सायकलचं दुकान एकच आहे. तुमची आठवण खरी आहे असं मला वाटतं.

मी पप्पूला फोन लावणार होतो. मग विचार केला, तो तोंड चुकवतोय ते तुम्हाला, मला नाही. तुम्हीच जा. एकट्या जा.

काय ते कळवा. वाट बघतो.
रविराज


मांडवगण फराटा
१५ डिसेंबर २०२४

चि. रविराजभावजी यांस,
आशीर्वाद.

आज सकाळी पप्पूच्या दुकानात गेले. मला पाहून तो उठून उभा राहिला आणि फडक्याला हात पुसत राहिला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, की वहिनी, नट म्या आवळला व्हता, देवाशप्पथ आवळला व्हता.

मला काही समजेना. मग त्यानं सांगितलं. त्या दिवशी दूध घालून हे सायकल हातात धरून त्याच्याकडे आले होते. म्हणाले, चाक लई जड चाललंय, बघ जरा. त्यानं डावी बाजू उघडली तर आत दहा छर्रे. एक काढला, ग्रीस भरलं आणि चाक बसवून दिलं. हे खूप हसले म्हणे. पप्पूला म्हणाले, की ह्ये आमच्या घरच्या मिस्त्रीचं काम हाय, तू बोलू नको, दुपारी जेवताना मीच बघतो तिच्याकडं. अर्धा चहा घेतला आणि निघाले. पुढे पुलापाशी पडल्याचं कळलं, तेव्हा पप्पूला वाटलं की चाकच निसटलं. त्याच्याच हातून नट सैल राहिला. सगळे हृदय म्हणत होते तरी त्याचा विश्वास बसेना. जवळजवळ तीन महिने मला बघितलं की त्याला पळून जावंसं वाटायचं.

मी सांगितलं, की सायकल लोकांनी घरी आणली तेव्हा चाक जागेवर होतं, चाक काढायला नटाला मी पाना लावला तेव्हा दोन्ही हात लावावे लागले. तो स्टुलावर बसून रडायला लागला. त्याच्याच माठातलं पाणी मी त्याला दिलं. मला रडू आलं नाही.

भावजी, उत्तर मिळालं. माझ्यामुळे झालं नाही आणि पप्पूमुळेही झालं नाही. पण मला अजून काही सुचत नाही. हे हसत होते, याचा मी आनंद करू का? माझी फजिती त्यांना सापडली होती. दुपारी जेवताना मला चिडवायचं ठरवून ते निघाले होते. मी काय बोलले असते, चिडले असते की हसले असते, तेच दिवसभर मनात चाललंय.

पप्पू चाक बसवून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. घरी येऊन नवा एक्सल आणि कोन घातले. कोन किती आवळायचा ते हाताला कळत नव्हतं. घट्ट केला की अडतं, सैल केला की डुलतं. पाचव्यांदा जमलं. थोडं डुलतं अजून, पण फिरतं.

आई विचारत होत्या तुम्ही संक्रांतीला येणार का. या. तुमच्या पत्रांनी मला आधार दिला, तो असाच राहू द्या.
तुमची वहिनी, सुवर्णा

ता. क. घरातलं पीठ संपलंय आणि गिरणी सहाला बंद होते. दळणाचा डबा कॅरिअरला बांधला आहे. बसून जाईन की सायकल हातात धरून, ते अजून कळत नाही. निघते.