बिळातली जवारी

३ मार्च १९७४, सेलू
पारूला पोचवून आलो. माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, धाकटी जाऊ. तिशीही गाठली नव्हती. ताप, डोळे लालभडक, कंबर मोडल्यासारखी, शेवटी लघवी बंद. आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत कारण लिहिलंय, 'दारू'. पारूने जन्मात दारूला बोट लावलेलं नाही. डॉक्टरला म्हटलं, तोंडाला वास आला होता का? तर म्हणे, "मास्तर, त्या वस्तीत दुसरं काय असतं?"
हात शिवशिवला. आवरला. आवरला याचाच राग येतोय.

५ मार्च
रशीदभाई शाळेत आला होता. हिवताप खात्याचा माणूस, सायकलवर गावोगाव फिरतो, बोटाला टोचून काचेवर रक्त घेतो. मधल्या सुट्टीत कडुनिंबाखाली बसलो. म्हणाला, "काच में कुछ नै मास्तर. मलेरिया होता तो दिखता. ये कुछ अलगच हय." देवगाव फाट्याच्या खालच्या तीन गावांत असाच ताप, अशीच लघवी बंद. त्याचा भाऊ सोनपेठकडे हेच काम करतो. तिकडे असा एकही नाही.
इथेच का? माती तीच, माणसं तीच.
शाळेतला जिल्ह्याचा नकाशा कागदावर उतरवून घेतला. तापाच्या गावांवर लाल शाईचे ठिपके. शाई सांडली, बोटं लाल. तसाच वर्गावर गेलो.

६ मार्च
आज कळलं आणि भडका उडाला. अक्काच्या गावच्या पाटलाच्या गंजीचा राखणदार दगडू, पाटलाच्याच भावकीतला. कडब्याच्या गंजीतच झोपतो. त्यालाही हाच ताप, हेच आ. केंद्र, हाच डॉक्टर. त्याच्या नावापुढे: 'कारण अज्ञात. परभणीस रवाना.' पाटलाच्या जीपमधून गेला, जगला.
एकच ताप. त्याला 'अज्ञात', पारूला 'दारू'. रोगालासुद्धा जात चिकटवतात हे लोक! बुद्धाच्या पायाशी जाऊन आम्हाला अठरा वर्षं होतील, आणि यांच्या नोंदवहीत आम्ही अजून गावकुसाबाहेरच.
रविवारी फाट्यावर सभा घ्यायची. डॉक्टरचं नाव घेऊन बोलायचं. भाषण अर्धं लिहून झालं. फर्मास उतरलंय.

८ मार्च
अक्काला ताप.

९ मार्च, परभणी
एस.टी.ने आणलं. सबंध रस्ता अक्का कंबर धरून. दवाखान्यात जागा नव्हती, व्हरांड्यात सतरंजी. इथल्या डॉक्टरनेही आ. केंद्रातलेच दोन प्रश्न विचारले, "उंदीर चावला का? घरात उंदीर मेले का?" अक्का म्हणाली, "न्हाई." पारूनेही हेच सांगितलं होतं. सगळ्या बाया हेच सांगतात. मग डॉक्टर उंदराची गोष्ट सोडून देतात आणि दारूची विचारतात.
काल संध्याकाळपासून लघवी नाही.

१० मार्च, परभणी
सभा राहिली. बरं झालं.
सकाळी अक्काची वेणी घालत होतो. नखांत काळी माती. म्हटलं, अक्का, काढणी होऊन किती दिवस झाले, ही माती कसली? तिने हात पदराखाली घेतला. मग रडली. मग बोलली. जसं बोलली तसं लिहून ठेवतो:
"सुदाम्या, तुला कसं सांगावं? शाळू काढल्यावर आमी बिळं उकरतो. उंदरं लय कणसं नेत्यात आत. खुरप्यानं उकरायचं, मंग तोंड लावून फुकायचं, माती उडती, कणसं दिसत्यात. पारूला लय घावायची. घमेलंभर आणायची बिचारी."
म्हटलं, मग डॉक्टरला का नाही सांगितलंस? मला का नाही?
"तू जयंतीला भाषण केलतंस की. उष्टं खानारा हात गुलामाचा हात. मानसाचं आसू द्या नाहीतर जनावराचं. समद्यात जास्ती टाळ्या आमीच वाजवल्या. आन् दुसऱ्या सालापासून लपून उकराय लागलो. लेकरान्ला तुजं भाषण वाढू का ताटात?"

(नंतर) 'उष्टं खाणारा हात गुलामाचा हात.' ते वाक्य माझं सर्वांत आवडतं होतं. कुठेही गेलो तरी लोक तेच मागत. मीही देत होतो.

११ मार्च, परभणी
नकाशा पुन्हा काढला. आता ठिपके बोलताहेत. तिन्ही गावं शाळूची. कोरडवाहू काळं रान, भेगाळलेलं, बिळांनी पोखरलेलं. यंदा दुष्काळानंतरचं पहिलं भरघोस पीक, उंदीर मातले. सोनपेठकडे नदीकाठ, काढणी झाली की पाणी सोडतात, बिळं बुडतात, उकरायला काही उरत नाही. आणि दगडू? कडब्याच्या गंजीत उंदरांची घरटीच घरटी. तो त्यांच्यातच झोपत होता.
ताप जात बघत नाही. उंदरांची धूळ कोणाच्या नाकातोंडात गेली तेवढंच बघतो. हे मला डॉक्टरच्या तोंडावर फेकायचं आहे. पण डॉक्टरला चुकीचं उत्तर मिळालं ते माझ्यामुळे. हे कोणाच्या तोंडावर फेकू?
अक्काचे पाय सुजले. हाक मारली की डोळे उघडते.

१२ मार्च
आ. केंद्रात गेलो. रशीदभाई सोबत. नकाशा टेबलावर पसरला. डॉक्टर हसला. "चावल्याशिवाय उंदरापासून काय होणार? कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हटलं, दारूने डोळे लाल होऊन सात दिवस ताप येतो, ते कुठल्या पुस्तकात आहे? रशीदभाईने माझा सदरा ओढला. "मास्तर, जरा ठंडे."
मग डॉक्टरने नकाशा आपल्याकडे ओढला. म्हणाला, "एक तरी बाई माझ्यासमोर सांगू दे की खणलं. मी वर कळवतो. पारूबाईचा शेराही बदलतो. पण तुमच्या सांगण्यावरून नाही. तुम्ही भाषण करता."
खरं बोलला. म्हणूनच जास्त झोंबलं.

१४ मार्च, अक्काच्या गावात
डॉक्टर आला, नोंदवही घेऊन, विहाराच्या ओट्यावर बसला. बाया समोर, पदर ओढून. त्याने विचारलं, "बिळं खणली का?" एकही बोलेना. पाटलाचा गडी पारावरून बघत होता. चोरीचा आळ घालायला त्यांना तेवढंच निमित्त.
मी उठलो. सवयीने हात वर गेला, सभेत जातो तसा. धुरपदाबाई, अक्काची सासू, तिथूनच ओरडली, "बस खाली! हात नगं वर करू." बाया हसल्या. मीही बसलो.
मग म्हातारी म्हणाली, "मास्तर, आदी तू सांग. आमी बोललो तर उष्टं म्हननार का त्याला?"
सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. वीस वर्षं बोलतोय, शब्द कधी कमी पडला नाही. म्हटलं, नाही आत्या. चुकलं माझं.
"मंग काय म्हनशील?"
म्हटलं, जवारी.
ती डॉक्टरकडे वळली. "लिवा. धुरपदाबाई. बिळं उकरली. माज्या सुनंनं बी उकरली. लिवा तिचं नाव, पारू."
डॉक्टरने 'दारू' खोडलं. तिथे काय लिहावं हे त्यालाही कळेना. मागून आणखी एकीने पदर सारला.
निघताना घरात डोकावलो, धुरपदाबाईच्या उतरंडीच्या खालच्या मडक्यात ती बिळातली जवारी अजून होती. अर्धं मडकं. फेकून दे म्हणायला तोंड उघडलं. दोन नातवंडं चुलीपाशी बसली होती, तवा तापत होता.
तोंड मिटलं.
परभणीची गाडी दुपारी दोनला. अक्काची लघवी बंद होऊन आज सहावा दिवस. व्हरांड्यातल्या शेजारणीला सांगून आलोय, थेंबभर झाली तरी नर्सला हाक मार.