तात्यांचा लिफाफा आणि गेलेलं पाणी

माडशेत,
२० फेब्रुवारी १९६२

तीर्थस्वरूप तात्यांना धाकट्या चुलतभावाचा, विष्णूचा, वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. कंबर अजून सरळ व्हायची आहे, कारण पुढं कळेल.) तुळजापुरात थंडी कशी आहे आणि तुमचा दमा काय म्हणतो? वहिनींच्या दशम्या पहिल्याच दिवशी संपल्या, शेंगांची चटणी मात्र समुद्रापर्यंत पोचली. मी, वनमाला आणि चि. चारुशीला, आम्ही तिघं सुखरूप आहोत. तुमचा लिफाफा सुखरूप नाही. तेवढं सांगायलाच हे पत्र, पण एकदम सांगितलं तर तुम्हाला ढास लागेल, म्हणून जरा लांबून येतो.

वसंतरावांचं स्थळ तुम्हाला ठाऊकच आहे. राज्य एक झाल्यावर सरकारनं इकडची माणसं तिकडं पाठवायचा जो खेळ मांडला, त्यात हे गृहस्थ कोकणातून धाराशिवच्या मोजणी कचेरीत येऊन पडले, आमच्या शेजारी दोन वर्षं राहिले आणि बदली होऊन पुन्हा आपल्या गावाकडं गेले. ते गेल्यापासून आमची चारू भाकऱ्या जाळते. मी साधा शाळामास्तर, पण एवढा हिशेब मलाही येतो. म्हणून घर बघायला निघालो. तुम्ही दोघांच्या पत्रिका ताडून निकाल लिफाफ्यात घातलात, वर मेणकापड गुंडाळून लाख लावलीत आणि म्हणालात, "माडशेतला पोचल्यावरच फोड." तुमचा शब्द आपल्या घराण्यात कुणी मोडत नाही. तुम्ही नाही म्हटलंत तर लग्न नाही, हे चारूलाही माहीत. (तुमच्या लीलाचं पहिलं चांगलं स्थळ तुम्ही मंगळापायी परत पाठवलंत, हे वनमाला अजून विसरलेली नाही. वाटेत तिनं मला ते सात वेळा सांगितलं.) तीन दिवस तो लिफाफा माझ्या पिशवीत निखाऱ्यासारखा बसून होता.

एस.टी.नं खारवेळला सोडलं. वसंतराव घ्यायला आले होते. म्हणाले, माडशेत इथंच आहे, कड्यावरून मजेत चालत जाऊ, नजारा बघण्यासारखा आहे. तात्या, कोकणी माणसाचं 'इथंच' तीन मैलांचं असतं. पायवाट वीतभर, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. खाली, लई खाली, समुद्र. लहानपणी परंड्याच्या किल्ल्याच्या तटावरून पळालेला माणूस मी, असं मी त्यांना ऐकवलं आणि पुढचा फर्लांगभर हातापायांवर चाललो. नजारा म्हणून मी गवत बघितलं. गवत चांगलं होतं. पण रांगणाऱ्या माणसाला पुढच्यांचे पाय बराबर दिसतात, म्हणून सांगतो. तीन मैल वसंतराव कड्याच्या बाजूनं चालले आणि चारूला त्यांनी आतल्या बाजूला ठेवलं. कडा दुसऱ्या अंगाला गेला की तेही बाजू बदलत.

अर्ध्यात वाट खाली वाळूत उतरते. तिथं पाय धुतले, आणि वर चढायला हात मोकळे हवेत म्हणून पिशवी नि चपला एका कोरड्या खडकावर ठेवल्या. वर घोटभर पाणी पिऊन येतो, मग नेतो, असा विचार. वसंतराव म्हणाले, "मास्तर, पिशवी वर घ्या हो, पाणी येईल." मी म्हटलं, "आत्ताच तर गेलं की." आपल्याकडं तळ्याचं पाणी एकदा मागं हटलं की मिरगापर्यंत कुणी त्याची वाट बघत नाही. (वीस वर्षं मी पोरांना भूगोलात भरती-ओहोटी शिकवतोय. शिकवणं निराळं.) वर बसून वसंतरावांच्या आईनं पाठवलेली घावनं आपल्या चटणीशी खात होतो, तोच वनमाला म्हणाली, "अहो, तुमची पिशवी कधीपास्नं चालायला लागली?"

वसंतराव धावत खाली गेले आणि कमरेएवढ्या पाण्यात शिरले. लाट त्यांच्या डोक्यावरून गेली. तेव्हा चारू ओरडली, "अहो, मागं फिरा. जाऊ दे तो लिफाफा." तात्या, 'अहो' म्हणाली. लग्नाआधी, आईबापांदेखत. वनमालेनं माझ्याकडं बघितलं, मी घावनाकडं बघितलं. वसंतराव मागं फिरले, लिफाफा गेला.

वहिनींना नमस्कार सांगावा.

तुमचा,
विष्णू

ता. क. तुमच्या वहीत दोघांच्या जन्मवेळा टिपलेल्या आहेत, हे मी जाणून आहे. हात जोडतो, ती वही उघडू नका. नुसतं पंचांग उघडा आणि वैशाखातला एखादा दिवस कळवा. काल चारूनं इथं सगळ्यांना ज्वारीच्या भाकऱ्या करून घातल्या. एकही जळली नाही.

आणखी ता. क. (२१ फेब्रुवारी.) आज सकाळी वसंतरावांच्या आई किनाऱ्यावरून पिशवी घेऊन आल्या, एका चपलेसकट. हे पाणी नेलेलं परतही आणून टाकतं म्हणे. तुमच्या मेणकापडाला आणि काजळाच्या शाईला मानलं, अक्षर न् अक्षर शाबूत. माडशेतला पोचलोच होतो, म्हणून लिफाफा फोडला. आत तुमच्या हातचं: "विष्णू, छत्तिसात दहाच गुण जमतात. पण पोरीचं तोंड मी बघितलंय आणि लीलाच्या वेळची चूक पुन्हा करायची नाही. हा कागद कुणाला दाखवू नको. वाटेत हरवला म्हण. तू म्हटलंस तर कुणालाही खरं वाटेल."

वरचं सगळं पुन्हा लिहायचा कंटाळा, म्हणून तसंच पाठवतोय. लग्न उरकलं की तुम्हाला त्याच वाटेनं माडशेतला आणीन. पिशवी तुम्ही धरा. कड्याच्या बाजूनं मी चालेन. (हातापायांवर का होईना.)