तिसऱ्या मजल्याची परीक्षा

रविवार, ४ फेब्रुवारी

पास! सुनेने मला जमिनीवर मांडी घालून बसवलं आणि म्हणाली, आता हात न टेकता उठा. उठले! हरणासारखी नाही, म्हशीसारखी – पण उठले. मग एका पायावर उभं केलं. त्यात काय, आंघोळ झाली की पाय पुसताना रोज उभी राहतेच मी. माझी नात, चिमणी, तिने टाळ्या वाजवल्या आणि स्वतः करायला गेली तर धाडकन कपाटावर. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी.

पण ही तपासणी कशाला? सून मोबाइलमध्ये बघून म्हणते, आपला दम आपणच अधूनमधून जोखावा. बरं. मग तिचा का नाही जोखत? पाणी कुठेतरी मुरतंय.

निघताना मुलाने पुन्हा तेच काढलं. "आई, आमच्या शेजारची खोली रिकामी झालीय. तळमजला आहे. तुला जिने नकोत."

म्हणजे असं आहे तर. आधी म्हातारी निकामी ठरवायची, मग उचलून खाली नेऊन ठेवायची. मी म्हटलं, मला जिने हवेत. सून उगाच चिमणीची वेणी सारखी करत बसली.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

ती खोली मी बघितलीय. खिडकी उघडली की समोर भिंत. भरदिवसा दिवा लावावा लागतो. आणि मी काय करते? काज-बटणं! खालच्या शिंप्याचे सदरे माझ्या हातून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या अंगावर चढत नाहीत. इथे सकाळी उन्हात बसलं की सुईत दोरा एका फटक्यात जातो. चौथीतून शाळा सुटली, पण सुई नाही सुटली. हे गेले तेव्हा सगळे म्हणाले होते, एकटी कशी राहशील. राहिले की. कुंड्या लावल्या, रेडिओ दुरुस्त करून घेतला, मोठ्याने गाते, कोणी ऐकत नाही – यापेक्षा काय सुख हवं?

काही झालं तरी ही खोली सोडायची नाही.

बुधवार, ७ फेब्रुवारी

दात घासताना एका पायावर उभी. बेसिन धरलं नाही. (एकदाच धरलं.)

रविवार, ११ फेब्रुवारी

आजची परीक्षा तर माझ्यासाठीच बनवलेली! सून म्हणाली, जिना चढता चढता बोलता आलं, धाप लागली नाही, तर दम चांगला. बोलायची परीक्षा – आणि माझी! भाजीची पिशवी घेतली आणि तळापासून सुरुवात केली. माझ्या जाऊबाईंनी एकदा वरातीत नवरदेवाच्या ऐवजी घोडेवाल्यालाच ओवाळलं होतं, ती गोष्ट सांगत सांगत दारापर्यंत आले. वरती विहीणबाईंचा रुसवाही सांगून टाकला. सूनच मागे राहिली. म्हणाली, पुरे आई, पास. पण तोंड का पडलं तिचं? सासू धडधाकट निघाली याचं कोणाला वाईट वाटतं? मी काय समजायचं ते समजले.

आणि मुलगा! या दोघी वर येतात, हा मागून. दर वेळी सांगतो, खाली फोन आला होता. रविवारीच बरा फोन येतो! माझी खोली विकायला काढलेल्या दलालाचाच असणार. आत आला की आधी पाणी. मग खिडकीशी माझ्याकडे पाठ करून बसतो. लहानपणी तोंडाचा पट्टा चालू असायचा, आता विचारलं तर नुसती मान हलवतो. कपाळावर घाम. मनात पाप असलं की घाम फुटतोच.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

सदरे द्यायला गेले तेव्हा शिंप्याला आडून आडून विचारलं, माझ्या खोलीची चौकशी करायला कोणी आलं होतं का. म्हणाला, नाही हो आजी. तुमचा मुलगा मात्र रविवारी माझ्या स्टुलावर बसला होता.

बघा! म्हटलं, काय विचारत होता? तर म्हणे काहीच नाही, नुसता बसला होता, मग वर गेला.

नुसता कोण बसतं? शिंपीही फितूर.

रविवार, १८ फेब्रुवारी

आज चोर पकडायचाच म्हणून ठरवलं होतं. सून आणि चिमणी वर आल्या. सून लगेच पाण्याची बाटली घेऊन, आलेच हं, म्हणत परत खाली. मी चिमणीला रेडिओ लावून दिला, चपला हातात घेतल्या आणि मागोमाग उतरले. मांजरालाही चाहूल लागली नसती.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावरून वाकून बघितलं. पायरीवर बसला होता. कानाला फोन नाही. एका हाताने कठडा धरलेला, दुसरा छातीवर. सदरा पाठीला चिकटलेला.

सून म्हणत होती, डॉक्टरांनी जिने बंद सांगितलेत, तरी दर रविवारी हे. आता सांगून टाका आईंना.

तो थांबून थांबून बोलला. "नको. काळजीने खचेल ती. खाली आली की रोज भेटेन. तिच्या गुडघ्यांचं निमित्त असू दे."

"अहो, कसलं निमित्त? त्या सगळ्यात पास होतात!"

मी तशीच वर आले. चपला हातातच होत्या, चिमणीने विचारलं तेव्हा कळलं. एवढा जिना चढून आले त्याचं मला काहीच वाटलं नव्हतं. ना धाप, ना काही. लाज वाटली या पायांची.

बऱ्याच वेळाने तो आत आला. म्हणाला, फोन आला होता.

मी म्हटलं, हो का. बस.

सोमवार, १९ फेब्रुवारी

सकाळीच सुनेला फोन केला. म्हटलं, अगं, कालपासून जिना चढवत नाही बघ. दोन शब्द बोलले तरी धाप लागते. ती खोली अजून रिकामी आहे ना?