अवस टळली होती

दादा, तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. कबरस्तानात येते, गवत उपटते, फुलं ठेवते, निघते. आज लिहितेय, कारण जिवंत माणसाला सांगता येईना. चौथीतून काढलेली बाई आहे, अक्षर वाकडं येणारच. तर ऐका. तुमची धाकटी लेक गेली. विमान पडलं. दोन वर्षं होत आली. ती नर्स झाली तेवढं तुम्ही पाहिलंत. पुढं तिचं लग्न झालं, मुलगी झाली, मग एका थंड देशात दवाखान्यात नोकरी लागली. नवरा आणि पोरगी इथंच भिंगारला, आणि ही वर्षातून एकदा महिनाभर रजेवर यायची. परत जाताना मुंबईहून एक विमान, तिकडं उतरून दुसरं. ते दुसरं पडलं. पेटी आली ती उघडायची नाही म्हणाले, आम्ही उघडली नाही. तुमच्या शेजारी जागा नव्हती, दोन ओळी सोडून ठेवलीय.

मी रडले नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, नंतर रडंल. दोन वर्षं झाली, ते नंतर काही आलं नाही. नागापूरला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते, चौथ्या दिवशी कामावर गेले. पोळ्या गोल आल्या.

मागच्या रविवारी उपासना झाल्यावर तिचा नवरा पोरीला घेऊन घरी आला. चौकशीचा कागद आला होता, तो मोबाईलवर बघून मला मराठीत सांगत होता. विमान ढगातून वर चढत होतं, इंजिनाच्या तोंडाला बर्फ धरला. ते तोंड गरम करायची सोय असते म्हणे, ती उशिरा चालू केली. मी म्हटलं, "मग धरलेला बर्फ सुटून आत गेला असंल." त्यानं मोबाईल खाली घेतला. "अक्का, पुढं हेच लिहिलंय. तुम्हाला कसं कळलं?" म्हटलं, "माझा बाप बर्फाच्या कारखान्यात होता." त्याला काय सांगू, तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हा मी दारातच उभी राहायचे. आत मिठाच्या पाण्याची टाकी, त्यातून लाद्या निघतायत, गोणपाट पांघरून तुम्ही पाईपावरचा बर्फ लाकडी मोगरीनं ठोकताय. मला ओरडताय, "लांब व्हय! धरलेल्या बर्फाला भ्यायचं न्हाई, सुटलेल्याला भ्यायचं." आणि तीच गार बोटं माझ्या गालाला लावून हसताय. आई गेल्यावर शाळा सोडवून तुम्ही धाकटीला माझ्या कडेवर दिलंत, तेव्हा ती दीड वर्षाची होती. त्या कारखान्यात डबा घेऊन यायचे ती तिला घेऊनच.

एकदा मी डबा आणला नाही, आठवतंय? शेजारच्या काकू म्हणाल्या, आज अवस हाय, लेकरू घेऊन वेस ओलांडू नको. मी घरीच बसले. तुम्ही संध्याकाळी उपाशी आलात आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं बोललात. "आपुन येशूची मान्सं. आपल्याला अवस बी सारखी न पुनव बी सारखी." मी म्हटलं, तुमचा मालक अवसेला मशीनवर नारळ फोडतो ते? तुम्ही म्हणालात, "खोबरं खायाचं. भ्यायचं न्हाई." मग भाकरी खाल्लीत. मी मात्र भ्यायचं सोडलं नाही, दादा. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते आणि कॅलेंडरवर अवस बघून घरातून निघते. कुणाला कळू देत नाही इतकंच.

तिचं जाणं अवसेला होतं. तिकिटावरची तारीख मी कॅलेंडरशी ताडून बघितली. ती बॅग भरत होती. म्हटलं, "दोन दिवस पुढं ढकल." ती हसायला लागली. "अक्का, आपल्यात कुठं असतंय गं हे? दादा असते तर तुला उभी चिरली असती." म्हटलं, "दादा नाहीत. मी वाढवलंय तुला, माझं ऐकायचं." तिनं हातातला कपडा खाली ठेवला आणि म्हणाली, "बरं बाई. पण ह्यांना सांगू नको, चारचौघांत हसतील. तसंही सकाळपासून ह्यांचं चाललंय, पोरगी रडतीये, राहा दोन दिवस. ह्यांना म्हणते, तुमच्यासाठीच राहिले." तिकीट बदललं. अवस टळली. आधीच्या तिकिटाचं, अवसेच्या दिवशीचं विमान नीट पोचलं.

रविवारी तो कागद वाचून झाल्यावर माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिला. पोरगी बाहेर शेजारणीच्या मांजराला दूध पाजत होती. तो म्हणाला, "अक्का, बर्फानं नाही, मीच मारलं तिला. मी राहा म्हणालो नसतो तर ती आधीच गेली असती. मला झोप नाही दोन वर्षं." वाळलाय पार, शर्ट खांद्यावरून ओघळतोय. एक वाक्य होतं, दादा. ती तुमच्यासाठी नाही राहिली, माझ्यासाठी राहिली. तोंडात आलं होतं. मी म्हटलं, "चहात साखर कमी टाकलीय, बघा." त्यानं कप उचलला.

त्याला जपायला गप्प बसले असं मी स्वतःला चार दिवस सांगितलं. खोटं आहे. कळलं तर तो परत येणार नाही, आणि पोरीला पाठवणार नाही. दर रविवारी ती येते, मी तिची वेणी घालते, ती दीड तास माझ्या घरात असते. तेवढ्यासाठी मी त्या माणसाला जळू देतेय. येत्या रविवारी सांगेन असं इथं लिहिणार होते, पण सांगणार नाही.

हा कागद कुणाच्या हाती द्यायचा नाही. तुम्ही वाचायला नाहीत म्हणून लिहिता आलं. असतात, तर तुमच्यापासूनही लपवलं असतं.