ओल्या बुटातली चिचा

पुकोन, ७ जानेवारी १९९८

ती. एफ्राईनदादास,
माइतेनचा सा. न. वि. वि.

आपला जानेवारीचा उन्हाळा भरात आलाय. तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नाही आणि नदीवर सकाळपासून खळाळांची सफर करायला आलेल्या पाहुण्यांच्या होड्यांची रांग. तुझ्या वाळवंटातल्या खाणीत आंघोळीपुरतं तरी पाणी मिळतं का रे?

पपांचा खांदा कामातून गेला. डॉक्टरांनी वल्हं बंद केलंय, तरी सुकाणू माझ्या हाती द्यायला ते तयार नाहीत. परवाना मिळाला, दोन उन्हाळे पुढे बसून वल्हवलं, पण म्हणे खळाळात पोरीचा आवाज कोण ऐकणार! तू परत येऊन धंदा सांभाळायचा, नाहीतर होड्या विकायच्या, असा हुकूम आहे. मी रडले नाही, भांडले. शेवटी एक फेरी कबूल केली आहे. पंचवीस तारखेच्या रविवारी मी मागे बसून होडी चालवायची आणि पपा पुढे बसून परीक्षा घेणार.

बुटाची धास्ती वाटते. पाण्यात पडेल त्याने किनाऱ्यावर सगळ्यांदेखत आपल्याच ओल्या बुटातून चिचा, ती सफरचंदाची आंबवलेली दारू, प्यायची. तू तर इतक्यांदा प्यायलास की तुझा बूटच झिंगायचा. पपांवर मात्र अशी वेळ कधी आली नाही, आणि हे ते जेवताना रोज ऐकवतात. मी पडले तर होड्या गेल्याच म्हणून समज.

लोभ आहेच, तो पत्राने वाढव.
तुझी,
माइतेन

कालामा, १४ जानेवारी

चि. माइतेनला,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी येणार नाही. पपांनाही तसं स्पष्ट कळवलंय. मला नदीची भीती वाटते, हे तुला ठाऊक आहे आणि त्यांनाही ठाऊक आहे; फक्त ते कबूल करत नाहीत. तू चार वर्षांची असताना मासेमाराच्या फुटक्या होडीत बसून सगळ्या कोंबड्यांना हुकूम सोडायचीस. कोंबड्या ऐकायच्या, मग पपा कोण लागून गेले?

त्यांचाच नियम लक्षात ठेव. होडीत तोंड एकच, सुकाणूवाल्याचं. त्या दिवशी ते तोंड तुझं. बापाला घाबरलीस तर सगळे बुडाल.

मम्मीला सांग, तिच्या हातच्या गरम तळलेल्या सोपाइपिया स्वप्नात येतात. माया असू दे.
तुझा दादा,
एफ्राईन

पुकोन, २६ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काय झालं ते सांगते, पण कुणाजवळ बोलू नकोस.

होडीत सहा पाहुणे होते आणि पुढे पपा, डॉक्टरांना न जुमानता वल्हं घेऊन. वरचे दोन खळाळ लोण्यासारखे गेले. मग आला तिसरा, म्हातारीची दाढ. गेल्या हिवाळ्याच्या पुरात तिथला मोठा खडक सरकलाय. उजवीकडची जुनी वाट आता थेट त्याच्यावर नेते. मी डावीकडे ओरडले. पाहुण्यांनी ऐकलं. पपांच्या हातांनी मात्र जन्मभराच्या सवयीने उजवी वाट धरली. होडी उसळली आणि पपा पाण्यात!

मला काही सुचलं नाही, हात मात्र आपोआप चालले. जॅकेटच्या पट्ट्यांना धरून त्यांना आत ओढलं आणि पुढचा हुकूम सोडला. तेव्हा मात्र त्यांनी मुकाट्याने ऐकलं.

किनाऱ्यावर सगळे सुकाणूवाले आपापल्या होड्या आवरायला लागले. बुटाचं नाव काढायची कुणाची छाती होईना. पपा ओल्या कपड्यांनी घरी गेले, ते अजून अवाक्षर बोललेले नाहीत. जेवतानाही नाही! परीक्षेत मी पास झाले आणि होड्या मात्र जाणार, असंच दिसतंय. आपल्या बापाचं नाक मी कापलं का रे?

पत्राची वाट पाहते. लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
माइतेन

पुकोन, २ फेब्रुवारी

चि. एफ्राईनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला बहिणीने कळवलं असेलच. ती सांगते तसा मी काही पडलो नव्हतो, पोरीला माणूस ओढता येतो का ते पाहत होतो. तुझ्या आईने हे वाचलं आणि ती इतकी हसली की कढईतलं तेल जळलं. बरं तर, पडलो.

आठवडाभर झोप लागली नाही. पडल्याचं दुःख नव्हतं. वाटत होतं, नदी मला पाठ आहे. नदी बदलली, पाठांतर जुनंच राहिलं. पोरीने ते पाहिलं होतं आणि मला सांगितलंही होतं. मी ऐकलं नाही.

काल रविवार. संध्याकाळी सगळे सुकाणूवाले किनाऱ्यावर जमले होते. मी मधोमध जाऊन बसलो, बूट काढला, नदीत बुडवला आणि माइतेनला हाक मारली. चिचा तिनेच ओतायची, असं बजावलं. तिने घाईघाईत ओतली, अर्धी माझ्या पायावर सांडली. उरलेली मी एका दमात प्यायलो. शी! इतकी वर्षं तुम्हाला हे पाजत आलो, कुणी एका शब्दाने सांगितलं नाही की इतकं घाण लागतं.

पलीकडच्या कंपनीचा एवारिस्तोने खवचटपणे विचारलं, म्हाताऱ्याला बाहेर काढायला किती जण लागले? मी छाती काढून सांगितलं, एकच, माझी कप्तान. मग सगळ्यांनी वल्ही आपटली. पोर रडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते काही चिचेमुळे नव्हे.

होड्या विकत नाही. तू तिकडेच सुखाने राहा. आलास तर पाहुणा म्हणून ये आणि पुढे बस. ती डावीकडे म्हणाली की डावीकडे.

आम्हा दोघांची माया आहे तशीच आहे.
तुझा बाप,
एलेउतेरिओ