पेत्राचं उत्तर

अप्पा, मागच्या रविवारी मारुंजीत एका सोसायटीच्या हॉलमध्ये मी बायकांचा बायबल वर्ग घेतला. धडा होता पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रातला, तुमचा आवडता आणि मला जन्मभर चिकटलेला. येशूचा पट्टशिष्य पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, एका पंगतीला जेवत असे. यरुशलेमेहून याकोबाकडची, यहूदी सोवळं पाळणारी माणसं आली तसा तो हळूच वेगळा बसू लागला. आणि पौलानं त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं. कंपनीत काम करणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग पेत्र काय म्हणाला?" मी म्हटलं, "पौलानं ते लिहिलेलं नाही." "म्हणजे आपण एकाच बाजूचं ऐकतोय?" "पुढचं वचन वाच," मी म्हटलं. घरी आल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही.

तुम्ही गावात शाळामास्तर होता आणि रविवारी आपल्या दहा-बारा ख्रिस्ती घरांचे उपदेशकही. भाताची कापणी झाली की उपकारस्तुतीची उपासना व्हायची आणि मग आपल्या अंगणात सगळ्यांचं जेवण. आपली माणसं, शेजारच्या बौद्ध वस्तीतली माणसं, ज्याला यायचं तो यायचा. वस्तीतल्या म्हाताऱ्या तात्यांच्या शेजारची जागा दर वर्षी तुमची. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा नेमके त्याच दिवशी पुण्याहून मला पाहायला पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. घराणं मोठं, ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झालेल्या, पण पंगत निवडायची सवय सुटलेली नव्हती. मुलाच्या आईनं अंगणाकडे बघत हळूच विचारलं, "इथं सगळेच एकत्र बसतात का हो?" तुम्ही हसलात, तुमचं ते अवघडलेलं हसू, आणि म्हणालात, "तुमची पानं आत मांडतो." मांडलीत ती पाच. पाचवं तुमचं.

तुम्ही आत बसता. बाहेरून तात्या हाक मारतात, "मास्तर, जागा धरून ठिवलीया की!" त्यांच्या मागून एक म्हातारी म्हणते, "आज मास्तर व्याह्यांत बसायचं. आपून काय, रोजचंच हाय." अंगणात सगळे हसतात. तुम्ही हसत नाही, वरही बघत नाही. मी वरणाचं भांडं घेऊन दारात उभी आहे, आणि वर्गात उत्तर द्यावं तशा खणखणीत आवाजात म्हणते, "अप्पा, अंत्युखियात पेत्र असाच उठला होता."

घास तुमच्या हातातच राहिला. मग तुम्ही दोन्ही हातांनी पत्रावळ उचललीत, वरण सदऱ्यावर ओघळलं, आणि बाहेर जाऊन तात्यांशेजारी बसलात. "लेकीनं उठवलं," म्हणालात. "लई शिकवलीया तुमी तिला," तात्या म्हणाले, आणि स्वतःच्या पानातला गुळाचा खडा त्यांनी तुमच्या पानात ठेवला. पाहुणे चहालाही थांबले नाहीत. संध्याकाळी भांडी घासताना आई मला म्हणाली, "पौल व्हायची हौस! पौलाचं लग्न झालं नव्हतं, ठाऊक आहे ना?" तुम्ही तिला गप्प केलंत. पुढच्या रविवारी उपासनेत उभं राहून स्वतःची चूक सांगितलीत. आणि मग कित्येक वर्षं, घरी कोणी आलं की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचात, "हा आमच्या घरातला पौल." त्यात टोचणी असेल म्हणून मी शोधत राहिले, तुम्ही गेल्यावरसुद्धा. सापडली नाही. नुसता अभिमान होता.

पौल लिहितो की पेत्र भ्याला. कशासाठी, ते आपण आपल्या मनानं भरतो: मानासाठी, जागेसाठी. तुम्ही भ्यालात ते माझ्यासाठी. तरी चूक ती चूकच. पंगत वेगळी मांडली की सुवार्ता तिथेच मोडते, हे पौलाचं म्हणणं मला आजही पटतं आणि तुमच्यासाठी मी त्यात सवलत मागणार नाही. पण पेत्राच्या नावाचं जे दुसरं पत्र आहे, त्यात पौलाचा उल्लेख प्रिय भाऊ म्हणून येतो. अभ्यासक म्हणतात, ते पत्र मुळात पेत्राचं नसावं. नसेना. ज्यानं लिहिलं त्याला एवढं माहीत होतं, की चारचौघांत बोलणी खाल्लेला मोठा माणूस पुढे कसा वागतो. मलाही माहीत आहे, मी तशाच माणसाच्या घरात वाढले. पुढच्या रविवारी त्या मुलीला मी हेच उत्तर देणार आहे.

उरलेलं तिला सांगणार नाही, आणि हे कागद तर कुठे जायचेच नाहीत, म्हणून इथे लिहिते. पौलाला त्या दिवशी स्वतःसाठी काही मिळवायचं नव्हतं. मला होतं. मला एम.ए. करायचं होतं, तो मुलगा नको होता, आणि आदला आठवडाभर तुम्ही इतके खुशीत होता की तुमच्यापुढे "नको" म्हणायला मला धीर होत नव्हता. तात्यांचा अपमान मला दिसला, हे खरं आहे, अप्पा. पण त्याच्या आधी दिसली ती माझी सुटायची वाट.